सही कोणाची?

बायपास शस्त्रक्रियेच्या टेबलावर दोन कामे एकाच वेळी चालू असतात. वरच्या अंगाला सर्जन छातीचे हाड उघडत असतो आणि खाली पायापाशी दुसरा एक जण घोट्यापासून मांडीपर्यंत आतल्या बाजूने जाणारी लांब शीर सोडवून घेत असतो. ती ओढायची नाही, चिमट्यात दाबायची नाही. तिला फुटलेली प्रत्येक बारीक शाखा दोऱ्याने बांधायची किंवा क्लिप लावून तोडायची, आतून हेपॅरिनचे सलाइन सोडून कुठे गळते का ते पाहायचे. शिरेतल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कुठले टोक कोणते याची खूण ठेवायची आणि मगच ती सर्जनच्या हाती द्यायची. पुढची कित्येक वर्षे रोग्याच्या हृदयाला रक्त पोचवणार असते ती ही शीर. भारतातल्या अनेक हृदयरुग्णालयांत हे काम करणारा माणूस एम.बी.बी.एस. नसतो, तो फिजिशियन असिस्टंट असतो. शस्त्रक्रियेच्या नोंदीखाली सही अर्थातच सर्जनची. त्यात गैर काही नाही, जबाबदारी त्याचीच आहे. पण बारावीनंतर नीटच्या गुणांनी दार बंद केलेल्या मुलामुलींसमोर 'फिजिशियन असिस्टंट' हा पर्याय आज ठेवला जातो, तेव्हा पगार किती, परदेशात जाता येते का, एवढेच विचारले जाते. या पेशाचे भवितव्य ज्यावर ठरत आले आहे तो प्रश्न वेगळा आहे: त्याची स्वतःची सही कुठवर चालते? डॉक्टर आणि परिचारिका यांच्यामधल्या या पायरीचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हात तयार करणे कधीच अवघड गेलेले दिसत नाही. दोन, तीन, फार तर चार वर्षांत ते होते. अडते ते सहीपाशी, आणि ही पायरी जिथे मोडली तिथे ती सहीपाशीच मोडली.

हा पेशा अमेरिकेतून आपल्याकडे आला असे सांगण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींना युरोपियन सर्जन पुरत नव्हते, तेव्हा १८२२ मध्ये कलकत्त्यात नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन निघाली आणि तिथून 'नेटिव्ह डॉक्टर' तयार होऊ लागले. शिक्षण देशी भाषेत, आणि त्यात पाश्चात्त्य वैद्यकासोबत इथल्या वैद्यकाचाही भाग. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली तशीच शाळा सुरू झाली. तिच्यासाठी मराठी आणि गुजरातीत पुस्तके उतरवण्याचे काम झाले. ती १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्याची संस्था १८३५ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने मोडली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज उभे केले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. म्हणजे खालची पायरी काढून वरची बांधायची, हा प्रयोग विसाव्या शतकात पहिल्यांदा झाला असे नाही. गंमत अशी की खालची पायरी प्रत्येक वेळी मागच्या दाराने परत आली. ग्रँट कॉलेजातून निघणारे मूठभर पदवीधर शहरांना आणि वरच्या जागांनाच अपुरे होते. जिल्ह्याजिल्ह्यांतले दवाखाने चालवणार कोण? म्हणून १८६१ मध्ये त्याच कॉलेजात हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यासाठी देशी भाषांचा वर्ग उघडावा लागला. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे या वर्गांना शिकवत आणि त्यांनी वैद्यकावर मराठीत पुस्तके लिहिली. पुढे हे शिक्षण पुण्यात आणि अहमदाबादला गेले. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ ची. मराठीतून आधुनिक वैद्यक शिकवता येईल का, यावर आजही परिसंवाद झडतात. ते शिकवले गेले होते आणि शिकलेल्यांनी त्यावर दवाखाने चालवले होते. फक्त ते खालच्या पायरीवर शिकवले गेले, त्यामुळे त्याची आठवण ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुढे या शाळांचेही माध्यम इंग्रजी झाले आणि तो धागा तुटला.

हॉस्पिटल असिस्टंट म्हणजे नेमका काय माणूस होता, हे तालुक्याच्या दवाखान्यात पाहायला हवे. सकाळी बाहेरच्या रोग्यांची रांग. रोगी बाटली घरून आणत. कंपाउंडर मोठ्या बरणीतले मिक्स्चर तीत ओतून, कडेला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून देई. एक खाच म्हणजे एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला औषध बरोबर घेता यावे यासाठी इतकी सोपी युक्ती क्वचितच कोणी काढली असेल. आतल्या खोलीत हॉस्पिटल असिस्टंट गळू फोडी, मोडलेला हात बसवी, तापाला क्विनाइन देई. दुपारी पोलीस एखादे प्रेत घेऊन आले तर शवविच्छेदन त्यानेच करायचे आणि न्यायालयात साक्षीला उभे राहायचे तेही त्यानेच. सिव्हिल सर्जन जिल्ह्याच्या गावी, कित्येक कोसांवर. तो वर्षातून कधी तरी तपासणीला येणार. म्हणजे हुद्द्यात 'असिस्टंट' असला तरी ज्याला असिस्ट करायचे तो माणूस जागेवर नव्हताच. मदतनीस या नावाखाली सरकारने एकट्याने दवाखाना सांभाळणारा डॉक्टर नेमला होता आणि त्याला पगार मदतनिसाचा दिला होता. परीक्षा देत तिसऱ्या वर्गातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून पहिल्या वर्गात चढायचे. त्याच्या वरच्या असिस्टंट सर्जनच्या जागेवर जाणे अपवादाचे. लष्करात तर ही रेघ आणखी ठळक होती. तिथे भारतीय सब-असिस्टंट सर्जनला जमादार, सुभेदार असे हुद्दे मिळत, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसचा कोवळा लेफ्टनंटसुद्धा त्याच्या वर असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'हॉस्पिटल असिस्टंट' हे नाव बदलून 'सब-असिस्टंट सर्जन' झाले. नाव बदलले की माणसे काही काळ गप्प बसतात, हे प्रशासनाला तेव्हाही ठाऊक होते.

तरी या माणसाकडे एक गोष्ट होती जी आजच्या फिजिशियन असिस्टंटकडे भारतात नाही. त्याची सही चालत असे. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने नोंदणीचे पुस्तक उघडले, त्यात पदवीधराच्या बरोबरीने परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट, यालाही जागा मिळाली. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले आणि एल.सी.पी.एस. ही अक्षरे महाराष्ट्रातल्या पाट्यांवर दिसू लागली. ही अक्षरे विद्यापीठाच्या बाहेरची होती, आणि एका वळणावर तेच त्यांचे बळ ठरले. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. ते विद्यापीठाच्या पदवीसाठी नव्हे, या परवान्यासाठी विद्यार्थी तयार करत होते. आजचे नायर रुग्णालयाचे टोपीवाला कॉलेज ते हेच. तिकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन इस्पितळानेही आपली माणसे आपणच घडवायला घेतली होती. शहराच्या चाळीत, तालुक्याच्या पेठेत, संस्थानी गावात 'आमचे डॉक्टर' म्हणून जो माणूस आपल्या पणजोबांनी पाहिला तो बहुतेक वेळा या पायरीवरचा होता. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने मोजदाद केली तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांतले पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. दर आठ डॉक्टरांपैकी पाच मधल्या पायरीचे. देशाच्या आरोग्यसेवेचा कणा कोण होता, हे या दोन आकड्यांपेक्षा जास्त स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही.

आणि नेमकी हीच पायरी मोडण्याची शिफारस त्या समितीने केली. त्यामागची साखळी लंडनपासून सुरू होते. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्याला उत्तर म्हणून १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषदेचा कायदा आला. परदेशात पुन्हा मान्यता मिळवायची तर दर्जा दाखवायला हवा, आणि दर्जा दाखवायचा तर खालची पायरी चौकटीबाहेर ठेवायला हवी. म्हणून त्या परिषदेने फक्त पदवीधरांचा विचार केला. प्रांताच्या नोंदवहीत असलेला लायसेन्शिएट अखिल भारतीय पातळीवर जणू नव्हताच. यावर लायसेन्शिएटांच्या संघटनेने काय मागावे? आमची पायरी वेगळी आहे, तिला तिचा मान द्या, असे ते मागू शकले असते. त्यांनी मागितले ते उलटे: दोन दर्जे बंद करा, शाळांची कॉलेजे करा, आम्हाला छोट्या अभ्यासक्रमाने पदवी मिळवू द्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. एखाद्या पेशातली माणसेच जेव्हा आपला पेशा बंद करा म्हणतात, तेव्हा तो अज्ञानामुळे बुडत नसतो. त्यांना चालवायला दवाखाना दिला होता, सहीसुद्धा दिली होती, पण ती सही 'अर्ध्या डॉक्टरची' म्हणून दिली होती. अर्धेपण हीच ज्याची व्याख्या, तो आयुष्यभर उरलेल्या अर्ध्याच्या मागे धावणार. १९४६ मध्ये पुण्याची आणि अहमदाबादची बी. जे. स्कूल कॉलेज झाली, मुंबईच्या नॅशनल मेडिकल कॉलेजचे टोपीवाला कॉलेज झाले तेही त्याच वर्षी. पुढच्या काही वर्षांत परवान्याचे अभ्यासक्रम आटत गेले, जुन्या लायसेन्शिएटांपैकी अनेकांनी संक्षिप्त अभ्यासक्रम करून एम.बी.बी.एस. घेतली, आणि एल.सी.पी.एस.च्या पाट्या त्यांच्या मालकांबरोबर म्हाताऱ्या झाल्या.

भोर समितीच्या बहुमताची बाजू हलकी नव्हती, ती नीट मांडायला हवी. त्यांचे म्हणणे असे: खेड्यातल्या गरीब माणसाला कमी शिकलेला डॉक्टर आणि शहरातल्या श्रीमंताला पूर्ण शिकलेला, ही विषमता स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने जाणूनबुजून का पोसावी? हाताशी पैसा आणि शिक्षक थोडे, ते दोन ठिकाणी वाटण्यापेक्षा एकच उत्तम 'बेसिक डॉक्टर' घडवा. नीतीच्या दृष्टीने याला उत्तर देणे कठीण आहे. समितीतल्या काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले ते नीतीवर नव्हते, हिशेबावर होते. सहा हजार तीनशे माणसांमागे एक डॉक्टर असलेल्या देशाला एवढी चैन परवडेल का, असा त्यांचा सवाल होता. पुढे काय झाले ते आपण पाहतोच. बेसिक डॉक्टर झाला, पण तो खेड्यात गेला नाही. आणि तिथली जागा रिकामीही राहिली नाही. ती भरली बोगस डॉक्टरने, 'आरएमपी'ने, कधी काळी कुठल्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायला शिकलेल्या कंपाउंडरने. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कुठल्याही नोंदवहीत नव्हते. गरिबाला दुय्यम डॉक्टर नको म्हणताना गरिबाच्या वाट्याला कुठलीच सही नसलेला डॉक्टर आला. लायसेन्शिएट राहिले असते तर ते खेड्यातच थांबले असते, असे मात्र मी म्हणणार नाही. तेही पोट आणि मुलांच्या शाळा बघून गावाकडून पेठेकडे सरकत होतेच. पायरी टिकवल्याने खेडी सुधारली असती असा दावा सिद्ध करता येत नाही. पायरी मोडल्याने ती सुधारली नाहीत, एवढे मात्र दिसते.

याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले ते अमेरिकेत, वीस वर्षांनी, तेही जवळजवळ अपघाताने. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड हे मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. त्यांची अडचण खेड्यांची कमी आणि वॉर्डाची जास्त होती. निवासी डॉक्टर शिकून निघून जातात, दर वर्षी नवे येतात. यंत्र आणि रोगी सांभाळणारा, जागेवर टिकणारा माणूस हवा होता. आधी त्यांनी थेल्मा इंगल्स या परिचारिका-शिक्षिकेबरोबर परिचारिकांसाठी प्रगत वैद्यकीय शिक्षणाचा कार्यक्रम आखला, पण परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो नाकारला. मग नौदलातून परतलेल्या कोअरमनांकडे, म्हणजे वैद्यकीय सहायकांकडे, त्यांची नजर गेली. जहाजावर, आघाडीवर ज्यांनी रक्तस्राव थांबवला, हाडे बांधली, त्यांना गावी परतल्यावर रुग्णालयात फरशी पुसण्यापलीकडे काम मिळत नव्हते. त्याच राज्यातल्या गारलँड गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात बडी ट्रेडवेल हा कृष्णवर्णीय सहायक कैक वर्षे रोगी सांभाळत होता आणि डॉक्टर बाहेर गेले तरी दवाखाना अडत नव्हता. ते उदाहरणही स्टेड यांच्यासमोर होते. १९६५ च्या ऑक्टोबरात चार माजी कोअरमनांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतले तिघे बाहेर पडले. तिघेच. आपल्याकडे १८६१ च्या वर्गावर जितका खर्च आणि विचार झाला असेल त्याहून ही सुरुवात मोठी नव्हती. आज तिथे दीड लाखाहून जास्त प्रमाणित फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, आहेत.

फरक कशाने पडला? माझे उत्तर असे की ड्यूकच्या लोकांनी आधी सहीचा विचार केला. त्यांनी पीएला छोटा स्वतंत्र डॉक्टर ठरवले नाही. वैद्यक व्यवसायाच्या कायद्यात अपवादाचे कलम घालून घेतले: डॉक्टर आपल्या देखरेखीखाली, आपल्या जबाबदारीवर, प्रशिक्षित सहायकाला काम सोपवू शकतो. म्हणजे सहीचा धागा डॉक्टरच्या सहीला बांधलेला, पण कायद्याने मान्य. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये कायदा केला, मग एकेक राज्य. शेवटचे मिसिसिपी २००० मध्ये. १९७३ मध्ये राष्ट्रीय परीक्षा आली. १९७७ च्या ग्रामीण दवाखान्यांच्या कायद्याने पीएच्या कामाचे पैसे द्यायला सुरुवात झाली, आणि पैसे मिळू लागले की पेशा हा शब्द गंभीरपणे घेतला जातो. त्याहून महत्त्वाची एक सोय त्या रचनेत आपोआप निघाली. सही डॉक्टरला बांधलेली असल्यामुळे डॉक्टर बदलला की काम बदलते. हाडांच्या विभागात दहा वर्षे काढलेला पीए उद्या त्वचारोगाच्या दवाखान्यात जाऊ शकतो, त्यासाठी नवी पदवी लागत नाही. डॉक्टरला ही मुभा नाही. तो एकदा अस्थितज्ज्ञ झाला की जन्मभर अस्थितज्ज्ञ. चार वर्षांच्या कॉलेजानंतर साधारण सव्वादोन वर्षांचे शिक्षण, कर्ज आटोक्यात, विशी संपायच्या आत कमाई, आणि आयुष्यात दोन-तीनदा दिशा बदलायची सोय. अर्धा डॉक्टर म्हणून नव्हे तर वेगळ्या प्रकारचे काम म्हणून तरुणांनी हा पेशा निवडला, तो या रचनेमुळे. आपल्या हॉस्पिटल असिस्टंटचे नेमके उलटे होते: कागदावर मदतनीस, प्रत्यक्षात एकटा, जबाबदारी पूर्ण आणि मान अर्धा. फ्रान्समध्येही १८०३ पासून 'ऑफिसिए द सांते' नावाचा असाच कमी शिकलेला, एका जिल्ह्यापुरताच परवाना असलेला डॉक्टर होता. १८९२ मध्ये तो रद्द झाला. फ्लोबेरच्या कादंबरीतला चार्ल्स बोव्हारी त्या वर्गातला. त्याची शोकांतिका सुरू होते तीही एका पायावर, झेपणार नाही ती शस्त्रक्रिया करायला गेल्यावर.

अमेरिकेतले उत्तर निर्दोष आहे असे नाही. परिचारिकांना वाटले, आणि अकारण वाटले नाही, की ज्या कामासाठी आम्ही दशके झगडतो आहोत ते नौदलातून आलेल्या पुरुषांना आयते दिले. १९६६ मध्ये 'लुक' मासिकाने पीएला परिचारिकेहून वरचा आणि डॉक्टरहून खालचा म्हटले तेव्हा तो राग उघड झाला. आणि बांधलेला धागाही काचू लागतोच. २०२१ मध्ये पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने 'असिस्टंट' टाकून 'असोसिएट' हा शब्द घेतला, देखरेखीची अट सैल करण्याची मागणी केव्हाचीच सुरू आहे. आपल्या 'सब-असिस्टंट सर्जन'ची आठवण यावी असेच हे. ब्रिटनमध्ये उलट घडले. तिथे 'असोसिएट' हे नाव आधी दिले गेले, रोग्यांना समोरचा डॉक्टर आहे की नाही हे कळेना, काही प्रकरणे गाजली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या अहवालाने 'असिस्टंट' हेच नाव परत आणा आणि निदान न झालेले रोगी त्यांच्यापुढे थेट पाठवू नका, असे सांगितले. पायरी टिकवायची तर दोन्हीकडून ताण सांभाळावा लागतो: वरचा खाली ढकलतो आणि खालचा वर चढू पाहतो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, की हे सारे ठीक, पण कमी शिकलेल्या हातात जीव कसा द्यायचा? त्याला पुराव्याने उत्तर देता येते, तेही जवळच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. त्यातून निघालेल्या ग्रामीण वैद्यकीय सहायकांची प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांशी तुलना झाली तेव्हा नेहमीच्या आजारांत त्यांची कुवत जवळजवळ बरोबरीची निघाली. मात्र या पुराव्याचा अर्थ ताणायला नको. हात आणि डोळे ठरावीक कामांसाठी पक्के तयार करता येतात, एवढाच त्याचा अर्थ. न ओळखलेल्या आजाराच्या अंधारात हा माणूस डॉक्टरची जागा घेतो, असे तो सांगत नाही. लेंग अहवालाचा इशारा नेमका तिथेच आहे. आणि छत्तीसगडचा अभ्यासक्रम बुडाला तो रोग्यांच्या तक्रारींनी नव्हे. पदवीचे नाव काय, नावापुढे 'डॉक्टर' लावायचे की नाही, यावरच्या वादांत, संपांत आणि नामांतरांत तो २००८ पर्यंत संपला. आसामच्या तशाच कायद्याला गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द ठरवले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुद्दा राज्याला असा कायदा करण्याचा अधिकार आहे का, हा होता. पुन्हा सहीच.

भारतातल्या आजच्या पीएची सुरुवात १९९२ ची, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी केलेली, आणि ती हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून झाली. म्हणजे स्टेड यांच्यासारखीच, टिकणाऱ्या माणसाच्या शोधातून. दक्षिणेत हा पेशा रुजला. महाराष्ट्रात तो तेवढा दिसत नाही, याचे कारण जागा रिकामी नाही हे आहे. मुंबई-पुण्यापासून लातूर-जळगावपर्यंत खाजगी रुग्णालयांत रात्री वॉर्ड सांभाळतो तो 'आरएमओ', आणि तो बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. म्हणजे कामाने फिजिशियन असिस्टंट, पदवीने दुसऱ्याच शास्त्राचा, आणि लोकांच्या तोंडी डॉक्टर. एका शास्त्रात साडेपाच वर्षे घालवून दुसऱ्या शास्त्राची पायरी सांभाळणारा हा वर्ग महाराष्ट्राने सोयीसाठी वाढू दिला. २०१४ मध्ये होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर मर्यादित परवानगी देणारी दुरुस्ती झाली, ती या वर्गाच्या सहीला कायद्याचा टेकू देण्यासाठीच. तिच्यावरचा वाद अजून शमलेला नाही. केंद्राने २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' आणला तेव्हा डॉक्टरांनी संप केला. आता देशात एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या वर गेल्या आहेत, मग या मधल्या माणसाची गरज काय, असेही विचारले जाते. पण त्या लाखातला जवळजवळ प्रत्येक जण पदव्युत्तर प्रवेशाकडे डोळे लावून बसलेला असतो. आयुष्यभर शीर सोडवण्यासाठी किंवा ड्रेसिंगची पाळी सांभाळण्यासाठी त्यातला कोणी थांबणार नाही, आणि थांबावे असे म्हणण्यातही अर्थ नाही.

२०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याच्या परिशिष्टात 'फिजिशियन असोसिएट' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला आहे. म्हणजे नोंदवहीचे पान तयार झाले. त्या पानावर नाव असलेल्या माणसाने रात्री दोन वाजता रोग्याचा रक्तदाब पडलेला पाहिला, तर डॉक्टर येईपर्यंत केसपेपरवर तो काय काय लिहू शकतो, कोणते औषध सुरू करू शकतो आणि खाली कोणाचे नाव घालू शकतो? तालुक्याच्या दवाखान्यातल्या हॉस्पिटल असिस्टंटला याचे उत्तर माहीत होते, ड्यूकमधून निघालेल्या तिघांना काही वर्षांत मिळाले. इथे ते अजून प्रत्येक रुग्णालय आपापल्या सोयीने ठरवते, आणि सकाळी राउंडला आलेले मोठे डॉक्टर रात्रीच्या नोंदीखाली आपली सही करून पान उलटतात.